एक्सपोर्ट अर्ध्यावर आला की पीसी बंद: ग्राफिक्स कार्ड बदलल्यानंतरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातला हा स्टुडिओ. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग हा मुख्य धंदा, जोडीला बारसं, मुंज, वास्तुशांत. मालक स्वतः कॅमेरा धरतात आणि एक तरुण एडिटर दिवसभर पीसीवर बसतो. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि पुढचे कित्येक महिने त्या एकुलत्या एक पीसीला उसंत नसते. त्या पीसीच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं, त्याची ही हकिगत. गावाचं, माणसांचं आणि सुट्या भागांच्या कंपन्यांचं नाव इथे दिलेलं नाही.

पीसी २०२० च्या सुरुवातीला जुळवलेला. रायझन ७ ३७००एक्स प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर हे ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि सगळ्या भागांना वीज पुरवणारा ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, ब्राँझ दर्जाचा (वीज किती कमी वाया जाते त्यावरून हा दर्जा ठरतो). पाच वर्षं हा संच तक्रार न करता चालला. मधल्या काळात काम बदललं. सगळं शूटिंग फोर-केमध्ये होऊ लागलं, आणि रिसेप्शनच्या अंधाऱ्या हॉलमधल्या शॉट्सना नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले दाणे साफ करणारा इफेक्ट, लावल्याशिवाय गिऱ्हाईक खूश होईना. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डावर पडतं. ६ जीबीच्या कार्डावर ‘जीपीयू मेमरी भरली’ असा संदेश येऊन एक्सपोर्ट, म्हणजे तयार फिल्मची फाइल काढण्याचं काम, थांबायचा.

म्हणून मालकांनी मुंबईहून आरटीएक्स ३०८० हे १० जीबीचं कार्ड वापरलेलं घेतलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर सतत गणितं सोडवून नाणी मिळवण्याची पद्धत, सोडली आणि हजारो कार्डं एकाएकी बिनकामाची झाली. तेव्हापासून अशी कार्डं जुन्या बाजारात येत राहिली आहेत. किमतीच्या मानाने ताकद भरपूर मिळते, त्यामुळे छोट्या स्टुडिओंना ती परवडतात. खरेदीचा निर्णय माझ्या मते चुकीचा नव्हता. फक्त कार्डासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता आणि तो कुणी विचारला नाही.

अडचण

कार्ड बसवल्यावर पहिले दोन-तीन दिवस टाइमलाइन लोण्यासारखी चालली. मग एका लग्नाची पूर्ण फिल्म एक्सपोर्टला लावली. हळदीचा भाग पार पडला, विधी झाले, आणि रिसेप्शनच्या शॉट्सना हात घातल्यावर पीसी बंद. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच कुठेतरी बंद. कधी दहा मिनिटांत, कधी पाऊण तासाने. साधं कटिंग करताना, गाणी लावताना, इंटरनेटवर काही पाहताना मात्र काहीच व्हायचं नाही.

यात नुसता वेळ जात नव्हता. एक्सपोर्ट चालू असताना वीज तोडल्यासारखा पीसी गेला की प्रोजेक्टचा डेटाबेस आणि लिहिली जात असलेली डिस्क दोन्ही धोक्यात येतात. ज्यांचं लग्न होऊन गेलं त्यांचं शूटिंग परत करता येत नाही. म्हणून माझ्याकडे काम आल्यावर पहिला निर्णय दुरुस्तीचा नव्हता. मेमरी कार्डांवरचं कच्चं फुटेज आणि प्रोजेक्टची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर निघेपर्यंत एकही चाचणी करायची नाही, असं ठरलं. पीसी मुद्दाम बंद पाडून पाहायचा तर हे आधी करावंच लागतं.

आधी काय करून झालं होतं

मला फोन येण्याआधी स्टुडिओत बरंच करून झालं होतं. एडिटरने सेफ मोडमध्ये जाऊन जुने ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या साधनाने साफ केले आणि नवे टाकले. ही पायरी योग्यच होती, कारण कार्ड बदलल्यावर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष खरोखर त्रास देतात. फरक पडला नाही. मग विंडोज फॉरमॅट झालं, त्यात सगळी प्लगइन आणि फॉन्ट पुन्हा बसवण्यात दोन रात्री गेल्या. मग रॅमच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या. गावातल्या वायरमनने अर्थिंग खराब असल्याचा अंदाज बांधला, तेव्हा तेही तपासायचं ठरलं. शेवटी कार्डच खराब निघालं अशी सगळ्यांची खात्री झाली आणि विकणाऱ्याशी वाद सुरू झाला.

यातली कुठलीच शंका वेडगळ नव्हती. पण कुठल्याही पायरीआधी ‘हे कारण असेल तर पीसी कसा बंद पडेल?’ हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यामुळे एक उपाय फसला की पुढचा, असा क्रम झाला.

पीसी नेमका कसा जातो

मी फोनवरच विचारपूस सुरू केली. स्क्रीन काळी होते तेव्हा आतले पंखे फिरत असतात का? गाणं चालू असेल तर आवाज येत राहतो का? निळी स्क्रीन दिसते का? पीसी आपोआप पुन्हा सुरू होतो की बटण दाबावं लागतं?

मालक म्हणाले, “दादा, नुसता बंद पडतो. खटकन.”

पलीकडून एडिटरचा आवाज आला, “बटणाने चालू होत नाही सर. मागचं स्विच बंद करायचं, थोडं थांबायचं, परत लावायचं, मग होतो.”

माझ्या दृष्टीने निम्मा तपास या वाक्याने झाला. एडिटरला ही रोजची सवय झाली होती, म्हणून त्याने ती तोवर कुणाला सांगितली नव्हती.

कार्ड किंवा ड्रायव्हर अडखळतो तेव्हा विंडोज साधारण दोन सेकंद कार्डाच्या उत्तराची वाट पाहतं आणि मग ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. ते जमलं नाही तर निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर कोड असतो. रॅम खराब असेल तर कोड दर वेळी वेगवेगळे, प्रोग्राम मधेच उडणं, फाइल खराब होणं असा पसारा दिसतो. कार्डाचा मदरबोर्डशी संबंध तुटला तर स्क्रीन जाते, पण कॅबिनेटमधले पंखे फिरत राहतात, कधी कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने गरगरतात, आणि मागे गाणं वाजत असतं.

इथे यातलं काहीच नव्हतं. सगळं एका क्षणात थंड, आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय बटण दाद देत नाही. पॉवर सप्लायच्या आत ओव्हरलोडचं संरक्षण असतं. प्रवाह किंवा एकूण भार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ते पुरवठा तोडतं, आणि बऱ्याच पॉवर सप्लायमध्ये मुख्य वीज काढून पुन्हा दिल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही. एडिटर नकळत दर वेळी तेच कुलूप उघडत होता.

प्रत्यक्ष गेल्यावर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे पीसीतल्या घटनांची नोंदवही, उघडला. प्रत्येक घटनेपाशी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद होती. हा आकडा पाहून बरेच लोक इंटरनेटवर त्याचा इलाज शोधत बसतात. पण ही नोंद एवढंच सांगते की मागच्या खेपेला पीसी रीतसर बंद झाला नव्हता. खरी माहिती तिच्या तपशिलात असते. तिथे बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनवर येतो तो कोड, शून्य होता. म्हणजे विंडोजला कोसळताना काही लिहायलाही वेळ मिळाला नव्हता. विंडोज कोसळताना माहिती जिथे साठवतं तो मिनिडंपचा फोल्डरही रिकामा. सॉफ्टवेअर कोसळलं असतं तर काहीतरी मागे राहिलं असतं.

अर्थिंगही मोजून घेतलं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटरवर दीड व्होल्टच्या आसपास दिसले, म्हणजे ठीक होतं. यूपीएस बाजूला काढून पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला, तरी बंद पडलाच. वायरमनची शंका इथे संपली.

हिशेबात बसलेले वॅट

पॉवर सप्लायवर बोट ठेवलं तेव्हा मालकांनी जो प्रश्न विचारला तो रास्त होता. त्यांनी कागदावर बेरीज केली होती. ३०८० ची ठरलेली मर्यादा ३२० वॅट. प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जात असला तरी पूर्ण भाराखाली ८८ वॅटपर्यंत घेतो. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून पन्नास-साठ धरा. सगळं मिळून ४७० च्या आत. “६५० चा आहे की. जवळजवळ दोनशे वॅट शिल्लक राहतात,” ते म्हणाले.

बेरीज बरोबर होती, पण तिच्यातून दोन गोष्टी सुटल्या होत्या.

पहिली पॉवर सप्लायच्या कडेच्या लेबलवरच होती. ६५० हा सगळ्या व्होल्टेजचा एकत्र आकडा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. या पॉवर सप्लायच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात ४६ अँपिअर लिहिलं होतं. बारा गुणिले शेहेचाळीस, ५५२ वॅट. उरलेली क्षमता ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनची, आणि आजच्या पीसीला तिची फारशी गरज पडत नाही. मालकांनी धरलेल्या शिलकेतले जवळजवळ शंभर वॅट इथेच गेले.

दुसरी गोष्ट लेबलवर नसते. ३२० वॅट ही सरासरी मर्यादा आहे. कार्ड स्वतःला त्या आकड्याभोवती ठेवतं, पण काही मिलिसेकंदांसाठी त्याच्या बरंच वर उडी मारतं. विहिरीवरची मोटर सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंद होतो, तसाच हा प्रकार. सप्टेंबर २०२० मध्ये ३०८० बाजारात आल्यापासून मोजणी करणाऱ्यांनी तिच्या क्षणिक उड्या साडेचारशे वॅटच्या पुढे गेलेल्या दाखवल्या आहेत. त्याच क्षणी प्रोसेसरही भाराखाली असेल तर ५५२ ची सीमा ओलांडली जाऊ शकते. एनव्हिडियाने या कार्डासाठी ७५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवला आहे तो बेरजेपेक्षा इतका जास्त का, याचं उत्तर बऱ्याच अंशी यात आहे. नवा, चांगला पॉवर सप्लाय लेबलच्या थोडं वरही तग धरतो. पाच वर्षं बंद कॅबिनेटमध्ये, उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत चाललेल्या पॉवर सप्लायकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. आतले कपॅसिटर, म्हणजे क्षणभरापुरती वीज साठवणारे भाग, वयाने थकतात, आणि अशा झटक्याच्या क्षणी आधार त्यांचाच असतो.

यावरून आणखी एक कोडं सुटलं. एडिटरने फरमार्क हे कार्डावर मुद्दाम पूर्ण भार टाकणारं चाचणीचं सॉफ्टवेअर अर्धा तास चालवून पाहिलं होतं आणि पीसी ठणठणीत राहिला होता. कार्डावर एवढा भार टाकूनही काही होत नाही, मग पॉवर सप्लाय कसा दोषी? पण फरमार्क एकसारखा भार टाकतं. कार्ड मर्यादेला टेकतं आणि तिथेच स्थिर राहतं. रिझॉल्व्हच्या एक्सपोर्टमध्ये एक क्लिप संपते, भार उतरतो, पुढची नॉइज रिडक्शनची क्लिप येते आणि भार एकदम चढतो. रिसेप्शनचा भाग म्हणजे दोन-तीन सेकंदांचे शेकडो शॉट, म्हणजे शेकडो चढउतार. पीसी तिथेच का जात होता ते कळलं. अशा तक्रारीत फरमार्क पास झाला म्हणून पॉवर सप्लायला निर्दोष ठरवू नये, हे मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. याच चाचणीवर विसंबून कितीतरी चांगली कार्डं परत पाठवली जातात.

एकही रुपया न खर्चता घेतलेली चाचणी

इथवरचं सगळं अनुमान होतं. अनुमानावर कुणाला दहा-बारा हजारांचा पॉवर सप्लाय घ्यायला लावणं मला पटत नाही. सिद्ध करायचा मार्ग फुकट होता.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत एनव्हिडिया-एसएमआय नावाचं छोटं साधन येतं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून त्याने कार्डाची वॅटमर्यादा कमी करता येते. रिसेप्शनचा दीड मिनिटाचा, हमखास घात करणारा तुकडा आम्ही वेगळा काढला आणि तोच पुन्हा पुन्हा एक्सपोर्ट केला. मर्यादा २२० वॅट ठेवली तेव्हा सगळ्या फेऱ्या पार पडल्या. २६० लाही पार पडल्या. ३०० ला पीसी गेला. ३२० ला लगेच गेला. ड्रायव्हर तोच, विंडोज तेच, रॅम तीच, फाइल तीच. बदलला तो फक्त विजेचा आकडा.

तरी एक फट राहत होती. मर्यादा कमी केली की कार्डाचा वेग आणि तापमानही उतरतं, त्यामुळे खरोखर आजारी कार्डसुद्धा कमी वॅटवर बरं वाटू शकतं. म्हणून कार्ड माझ्या टेबलावरच्या चाचणीच्या पीसीत, ८५० वॅटच्या पॉवर सप्लायवर लावलं आणि तोच तुकडा पूर्ण ३२० वॅटवर चालवला. एकदाही बंद पडला नाही. विकणाऱ्याशी चाललेला वाद मालकांनी त्याच दिवशी थांबवला.

टेबलावर चालताना दुसरं काहीतरी नजरेत भरलं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाच्या चिपचं तापमान सत्तरीच्या आसपास होतं, पण मेमरीचं शंभरच्या पुढे चढत होतं. ते टिपून ठेवलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते सांगता येत नाही, म्हणून आधी वीज आणि मग मेमरी असा क्रम ठरवला.

केबलचा प्रश्न

पॉवर सप्लाय विकत घेण्याआधी एक शक्यता तपासायची होती. कार्डाला ८ पिनांचे दोन कनेक्टर लागतात आणि स्टुडिओत दोन्ही एकाच केबलच्या दोन टोकांतून जोडलेले होते. मदरबोर्डचा स्लॉट १२ व्होल्टवर साधारण ६६ वॅट देऊ शकतो. म्हणजे उरलेले अडीचशे वॅट त्या एका केबलमधून, १२ व्होल्टच्या तीन तारांतून जात होते. एकूण सुमारे २१ अँपिअर, दर तारेला ७. स्थिर भारासाठी हे चालून जातं, पण उडीच्या क्षणी व्होल्टेज जास्त पडतं. मोठ्या कार्डाला दोन स्वतंत्र केबल द्याव्यात.

पॉवर सप्लाय अर्धा मॉड्युलर होता, म्हणजे त्याच्या काही केबल काढता-घालता येत होत्या, पण दुसरी केबल सापडेना. एडिटरने दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायची केबल शोधून आणली. टोकं तंतोतंत बसत होती. ती लावू दिली नाही. कार्डाच्या बाजूची पिनांची रचना ठरलेली असते, पण पॉवर सप्लायच्या बाजूची प्रत्येक कंपनी, कधी एकाच कंपनीची दोन मॉडेलंही, वेगवेगळी ठेवतात. केबल बसते आणि चालू करताच १२ व्होल्ट नको तिथे जातात. कार्ड आणि डिस्क जळण्याची ही अगदी साधी वाट आहे. मूळ खोका माळ्यावर होता, त्यात मूळ केबल मिळाली.

दोन केबलींवर ३०० वॅटच्या फेऱ्या पार पडल्या. ३२० वर पीसी अजूनही गेला, फक्त आधीपेक्षा उशिरा. केबलचा वाटा होता, पण सगळा दोष तिचा नव्हता.

समोरचे पर्याय

कार्ड विकून कमी वीज खाणारं घेणं हा एक मार्ग होता. ऐन हंगामात त्यात वेळ जाणार होता आणि १० जीबी मेमरीचं कार्ड त्याच पैशांत मिळण्याची खात्री नव्हती. मालकांनी तो लगेच बाजूला ठेवला.

दुसरा मार्ग म्हणजे कार्ड कायमचं कमी वॅटवर चालवणं. याचा आम्ही गंभीरपणे विचार केला. मालक म्हणाले, “चालतंय की २६० वर. मग पॉवर सप्लाय कशाला?” या मताला वजन होतं. ३०८० चे शेवटचे साठ-सत्तर वॅट फारच थोडा वेग देतात. आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजची रेषा खाली आणली तर वेग जवळपास तोच राहून वीज बरीच वाचते, आणि अनेक जाणकार हे कार्ड असंच वापरतात.

माझी हरकत दोन कारणांनी होती. एनव्हिडिया-एसएमआयने घातलेली मर्यादा विंडोज पुन्हा सुरू झालं की निघून जाते. ती आपोआप लागेल अशी व्यवस्था करता येते, पण ड्रायव्हर अपडेटनंतर एक दिवस ती लागली नाही तर एक्सपोर्ट अर्ध्यात पीसी जाणार. दुसरं कारण पॉवर सप्लायचं वय. संरक्षणाने इतक्या वेळा पुरवठा तोडलेला, पाच वर्षं जुना पॉवर सप्लाय अख्ख्या धंद्याच्या एकमेव पीसीत ठेवायचा, आणि त्याच पीसीत लोकांची लग्नं. घरी गेम खेळणारं पोर असतं तर मी वॅट कमी करून पैसे वाचव असंच सांगितलं असतं. मत दिलं, निर्णय मालकांवर सोडला. त्यांनी रात्रभर विचार करून नवा पॉवर सप्लाय घ्यायचं ठरवलं.

काय केलं

नवा पॉवर सप्लाय येईपर्यंत काम थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून मधले दिवस कार्ड २४० वॅटवर चालवलं. एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागला, पण अडकलेली फिल्म एका रात्रीत पूर्ण झाली आणि गिऱ्हाइकाला गेली.

८५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा, एटीएक्स ३.० प्रमाणाचा पॉवर सप्लाय मागवला. २०२२ साली आलेल्या या प्रमाणात कार्डांच्या क्षणिक उड्यांचा स्पष्ट विचार आहे. नव्या १६ पिनांच्या कनेक्टरसह येणाऱ्या, ४५० वॅटपेक्षा मोठ्या पॉवर सप्लायने १०० मायक्रोसेकंदांसाठी लेबलच्या दुप्पट भार सोसला पाहिजे, अशी त्यात अट आहे. हजार वॅटचा घ्यावा का, असंही मालकांनी विचारलं. या संचाचा स्थिर भार ४७० च्या आसपास, त्यामुळे गरज नव्हती. तेच पैसे पुढे यूपीएससाठी उपयोगी पडणार होते.

जुन्या पॉवर सप्लायबरोबर त्याची प्रत्येक केबल बाहेर काढली, डिस्कच्या केबलसकट. नव्या खोक्यातल्याच केबल लावल्या, कार्डाला दोन स्वतंत्र. मग तोच दीड मिनिटाचा तुकडा ३२० वॅटवर तासभर फिरवला आणि नंतर अख्खी फिल्म. पीसी एकदाही बंद पडला नाही.

उरलेली दुसरी अडचण

आठवडाभराने एडिटरचा फोन आला. पीसी बंद पडत नाही, पण लांब एक्सपोर्ट शेवटी शेवटी रेंगाळतो, आणि एकदा स्क्रीन काळी होऊन परत आली, रिझॉल्व्हने चूक दाखवली. या खेपेला त्याने सगळं न विचारता सांगितलं: पंखे चालू होते, गाणं वाजत होतं, स्विचला हात लावावा लागला नाही. वर्णन वेगळं म्हणजे कारणही वेगळं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आता कर्नल-पॉवर नव्हतं, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची नोंद होती.

टेबलावर टिपलेला मेमरीचा आकडा इथे कामी आला. बंद कॅबिनेटमध्ये ती ११० अंशांना टेकत होती. या कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी त्या तापमानाला पोचली की कार्ड वेग आवरतं. एक्सपोर्ट रेंगाळण्याचं कारण तेच. मायनिंगमध्ये सगळ्यात जास्त ताण मेमरीवरच पडतो आणि तिच्यावरचे थर्मल पॅड, म्हणजे तिची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या, महिनोन्महिने भाजून निघतात. कार्ड उघडलं तेव्हा पॅड कोरडे, तेलकट डाग सोडलेले आणि कडेने भुगा झालेले होते.

इथे पुन्हा दोन वाटा होत्या. नवे पॅड घालायचे तर जाडी अचूक लागते. पॅड जाड पडला तर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) मुख्य चिपवरून उचलला जातो आणि मेमरी वाचवताना चिप तापते. दाबून चपटे झालेले जुने पॅड मोजून मूळ जाडी कळत नाही. म्हणून पॅडऐवजी थर्मल पुट्टी, म्हणजे उष्णता वाहून नेणारा मऊ लगदा, वापरली. ती दाबली की फटीएवढीच उरते, जाडीचा प्रश्न येत नाही. वॉरंटी संपलेली असल्याची खात्री करून आणि मालकांची परवानगी घेऊनच कार्ड उघडलं होतं. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला एक पंखाही वाढवला.

निकाल

त्याच तुकड्यावर मेमरी नव्वदच्या आसपास स्थिरावली. रेंगाळणं थांबलं, ड्रायव्हरच्या नोंदी थांबल्या. तो हंगाम स्टुडिओने त्याच पीसीवर पूर्ण केला.

यूपीएसचं काम मात्र अर्धवट आहे. असलेला एक केव्हीएचा यूपीएस ६०० वॅट देतो. मॉनिटरसकट पूर्ण भार त्याच्या अगदी काठावर जातो, आणि वीज गेल्यावर बॅटरीवर तो ओव्हरलोडचा आवाज करतो. सध्या नियम असा की दिवे गेले की एक्सपोर्ट लगेच थांबवायचा आणि पीसी रीतसर बंद करायचा. मोठा, शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस पुढच्या हंगामाआधी घ्यायचा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठं नुकसान पैशांचं झालं नाही. फॉरमॅटमध्ये गेलेल्या दोन रात्री आणि लांबलेली डिलिव्हरी हे खरं नुकसान. फॉरमॅट करण्याआधी इव्हेंट व्ह्यूअर उघडून बगचेक कोड पाहिला असता तर दोन मिनिटांत ती वाट बंद झाली असती.

खरेदीच्या वेळी कार्डाच्या लांबीची चौकशी झाली, कॅबिनेटमध्ये मावेल का ते मोजलं गेलं. त्याच वेळी पॉवर सप्लायच्या लेबलचा फोटो कुणा जाणकाराला पाठवला असता तर दोन्ही वस्तूंचा खर्च एकत्र धरता आला असता. कदाचित ३०८० ऐवजी कमी वॅटचं कार्ड निवडलं गेलं असतं, कदाचित नसतं. पण हिशेब आधी समोर आला असता.

वापरलेल्या कार्डाच्या बाबतीत विकणाऱ्याने व्हिडिओ कॉलवर फरमार्क चालवून दाखवलं होतं आणि चिपचं तापमान चांगलं होतं. मेमरीचं तापमान पाहायचं मालकांना माहीत नव्हतं. पैसे देण्याआधी एचडब्ल्यूइन्फोमधली मेमरी जंक्शनची, म्हणजे मेमरीच्या तापमानाची ओळ, भाराखाली निदान पंधरा मिनिटं, दाखवायला सांगितली असती तर किंमत ठरवताना पॅडचा खर्च वळता करून घेता आला असता.

एका ठिकाणी माझा क्रम बदलता आला असता असं मला वाटतं. वॅट कमी करण्याची चाचणी फोनवरूनही सांगता येण्याजोगी होती. एडिटर हुशार आहे, एक कमांड लिहून घेऊन चालवणं त्याला सहज जमलं असतं. फुटेजची प्रत निघाली की लगेच ती करून घेतली असती, तर मी पोचेपर्यंत अडकलेली फिल्म २४० वॅटवर निघूनही गेली असती.